शटरच्या बाहेरची बाजू

खळ करायची ती मंद आचेवर. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, एकही गुठळी राहू द्यायची नाही, मग चिमूटभर मोरचूद टाकून ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही. गुठळी राहिली की कागद फुगतो, आणि फुगलेला कागद कोणीही नखाने उचकटून काढतो. चिकटराव ही खळ दर आठवड्याला घरी करत. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला गॅसवर करता येणारा हा एकच पदार्थ, आणि तोसुद्धा विषारी.

चिकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कर कार्यालयात शिपाई होते आणि नोटिसा बजावण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ज्याच्या नावाची नोटीस त्याच्या हातात द्यायची, सही घ्यायची, आणि माणूस सापडलाच नाही तर ती त्याच्या दारावर चिकटवायची. इतर शिपाई कधीमधी एखादी चिकटवत. हे जवळपास सगळ्याच चिकटवत, म्हणून ते नाव. कार्यालयात नव्याने आलेला माणूस ते ऐकून त्यांच्याकडे चहाचे पैसे मागायला बिचकायचा, एवढाच त्या नावाचा फायदा.

ते सगळ्याच नोटिसा का चिकटवतात, हे कधी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं. चिकटराव भित्रे होते. कुत्र्यांना ते घाबरत नसत, अंधाराला नाही, साहेबांनाही बेताचंच. ते घाबरत नोटीस वाचणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला.

नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी एका छापखान्याच्या मालकाला जप्तीची नोटीस हातात दिली होती. मालक वयस्कर, अदबीचा माणूस. त्याने नोटीस वाचली, नीट घडी घातली, "बसा ना" म्हणाला, आणि यांच्यासाठी पेल्यात पाणी ओतू लागला. पेला भरला. पाणी काठावरून वाहू लागलं, टेबलावरच्या हिशेबाच्या वहीवर पसरलं, शाई फुटून निळी झाली, तरी तो ओतत राहिला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. चिकटराव सही न घेता उठले आणि जिन्यावरून जवळजवळ पळत खाली आले. पुढे कितीतरी वर्षं, कोणी पाणी ओतायला लागलं की ते नजर दुसरीकडे वळवत.

मग त्यांनी आपली एक रीत बसवली. दुपारी, दुकानदार शटर ओढून जेवायला बसतात, घरं पेंगतात, त्या वेळी निघायचं. खळ लावायची, कागद तळहाताने वरून खाली सपाट करायचा आणि गल्लीच्या वळणापर्यंत मागे वळून बघायचं नाही. नियम वेगळा होता, आणि तो त्यांना पाठ होता. आधी हाका मारायच्या, माणूस भेटला नाही तर पुन्हा जायचं, आणि तरीही नाही भेटला तर शेजारच्या कोणाला तरी साक्षीला उभं करून मगच चिकटवायचं. अहवालात ते नेमकं असंच लिहीत. साक्षीदार म्हणून कार्यालयाबाहेरचा झेरॉक्सवाला सही करी. मशीनवरून मान वर न करता तो विचारी, "आज मी कुठल्या गल्लीत होतो?"

यात कोणाचं काही बिघडतं असं चिकटरावांना वाटत नसे. कागद दारावर आहे, माणूस संध्याकाळी येतो, वाचतो. वाचताना आपण तिथे नसायचं, एवढंच.

खुर्च्यांवालीचं दुकान बाजाराच्या मागच्या अरुंद रस्त्यावर होतं. लोकांच्या जुन्या खुर्च्या आणि सोफे आले की ती बैठका उसवायची, आतला चपटा झालेला काथ्या काढून नवा भरायची, वरून कापड ताणून तोंडात धरलेले बारीक खिळे कडेने ठोकायची. एकटी बाई. दुकानाच्या मागच्या खोलीतच राहायची. चिकटराव नोटीस घेऊन गेले तेव्हा शटर खाली होतं, आणि शटरच्या आतून हातोडीचा आवाज येत होता. टक, टक, जरा थांबून पुन्हा टक.

आत माणूस आहे हे कळायला आणखी काय लागतं. त्यांनी शटरवर थाप मारायला हात वरही केला होता. तेवढ्यात आतला आवाज थांबला. कदाचित तिला त्यांची पावलं ऐकू आली असतील, कदाचित नुसता तोंडातला खिळा संपला असेल. पत्र्याच्या अलीकडे ते, पलीकडे ती, आणि दोन्हीकडे शांतता. आता शटर वर जाणार. आधी पावलं दिसतील, मग हात, मग चेहरा. त्यांनी घाईघाईने ब्रश फिरवला, नोटीस लावली आणि पाय उचलला. वळणाशी पोचेपर्यंत हातोडी पुन्हा सुरू झाली होती. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी रस्त्यात थांबून उगीचच केळी विकत घेतली.

अहवालात लिहिलं : दुकान बंद. हाका मारल्या. कोणी नाही.

नोटीस साधी होती. अमुक दिवशी हिशेब घेऊन या, तुमचं म्हणणं मांडा. तो दिवस आला आणि गेला, खुर्च्यांवाली काही आली नाही. एका निरीक्षकाने कधीतरी रस्त्यावरून जाताना तिचं दुकान खुर्च्यांनी खच्चून भरलेलं पाहिलं होतं. त्या सगळ्या विकायच्या खुर्च्या असं धरून, त्या विक्रीचा अंदाज बांधून, साहेबांनी एकतर्फी आदेश काढला. खुर्च्या लोकांच्या होत्या. ती दुरुस्तीची मजुरी घ्यायची, खुर्चीची किंमत नव्हे. हे सांगायला तिला दोन वाक्यं पुरली असती. पण ती दोन वाक्यं बोलायला माणूस समोर असावा लागतो.

आदेश चिकटवायलाही चिकटरावच गेले. या खेपेला आत काही वाजत नव्हतं. ब्रश टेकवणार तोच त्यांना शटरच्या पट्ट्यांच्या फटींत पांढरं काहीतरी दिसलं. कागदाचे कपटे होते. गुंडाळीत चिरडून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, पण खळीने त्यांना घट्ट धरून ठेवलं होतं. एका कपट्यावर कार्यालयाच्या शिक्क्याचा जांभळा अर्धगोल होता.

चिकटराव तिथेच उभे राहिले आणि त्यांना सगळं कळलं. ही बाई शटर आतून वर करते, आतूनच खाली ओढते. बाहेर जायला तिला मागचं दार आहे. शटर उघडं असतं तेव्हा त्याची बाहेरची बाजू वर गुंडाळीत असते, आणि ते खाली असतं तेव्हा ती आत असते. ती बाजू जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही दिसते. एक तिला सोडून.

हे कळल्यावर दुसऱ्या कोणीही शटर बडवलं असतं. चिकटरावांचा हात वर गेला नाही. आत ती असेल. आता वाजवलं तर नुसता आदेश द्यावा लागणार नाही, आधीच्या नोटिशीचंही सांगावं लागेल, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे काय होईल ते समोर उभं राहून बघावं लागेल. त्यांनी कपटे नखाने खरवडून काढले, खिशात घातले, आणि त्याच जागी, नेहमीसारखा वरून खाली सपाट करत, आदेश चिकटवला.

त्यानंतर त्यांनी तो रस्ता सोडला. बाजारातून कार्यालयात यायला लांबचा वळसा घेऊ लागले. बायकोने विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे होतात.

पुढे वसुलीची माणसं तिच्या दारात गेली. ती दार वाजवणारी माणसं होती. दुकानाला सील लावू म्हणाली तेव्हा कुठे खुर्च्यांवालीला कळलं की आपल्यावर आदेश निघाला आहे.

मोठ्या बाबूंनी चिकटरावांना टेबलापाशी बोलावलं तेव्हा सकाळची झाडलोट नुकतीच उरकली होती. मोठे बाबू कार्यालयातले सगळ्यात जुने कारकून. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आवाज कायम समजुतीचा. त्यांनी सांगितलं की खुर्च्यांवालीने अपील केलंय, पण मुदत उलटल्यावर. चिकटरावांना काही समजेना. तेव्हा बाबूंनी टेबलावरची पट्टी हातात घेऊन, मुलाला शिकवावं तसं समजावलं. अपिलाची मुदत आदेश पोचल्यापासून मोजतात. शटरवर चिकटवलेला आदेश पोचला असं धरलं, तर बाईची मुदत केव्हाच संपली, अपील उघडूनही बघायचं नाही, दुकान गेलं. पोचला नाही असं धरलं, तर मुदत आता सुरू होते. आणि मुळातली नोटीसही पोचली नसेल, तर तिचं म्हणणं न ऐकता काढलेला आदेशच टिकत नाही.

"म्हणजे सगळं तुमच्या खळीवर आलंय," बाबू म्हणाले. "अपिलाच्या मॅडमनी तुम्हाला बोलावलंय. घाबरायचं काही नाही. उभं राहायचं, अहवाल खरा आहे म्हणायचं, बाहेर येऊन चहा प्यायचा."

चिकटरावांनी विचारलं, की समजा, नुसतं समजा हं, हाका मारायच्या राहून गेल्या असतील तर.

बाबूंनी पट्टी खाली ठेवली. आजूबाजूला पाहिलं, मग पुढे वाकले.

"तर तुम्ही आजवर चिकटवलेली सगळी पानं उठतील, चिकटराव. ज्याचं ज्याचं काही गेलंय तो तो येईल आणि म्हणेल, मलाही कोणी हाक मारली नव्हती. आणि प्रत्येक पानाखाली तुम्ही असाल. निवृत्तीला असे किती दिवस राहिलेत तुमचे?"

त्या दिवसापासून चिकटरावांना जेवण जाईना. भाकरीचा तुकडा तोंडात घोळत राहायचा. झेरॉक्सवाल्याने तर त्यांना पाहून मशीन बंद केलं आणि चक्क आतल्या बाजूला तोंड करून बसला. बायकोला आधी वाटलं पित्त असेल, मग वाटलं काहीतरी मोठं दुखणं आहे आणि हे लपवतायत. शेवटी एका संध्याकाळी तिने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, डॉक्टरकडे चला नाहीतर तोंड उघडा. त्यांनी तोंड उघडलं. छापखान्यापासून कपट्यांपर्यंत सगळं.

तिने सरकवलेलं ताट पुन्हा त्यांच्यापुढे ओढलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही फक्त मला घाबरता."

हसू दोघांनाही आलं नाही. तीही घाबरली होती. पण ती हात जोडून बसणारी बाई नव्हती. तिने स्टूल ओढलं, त्यावर ताठ बसली आणि म्हणाली, मी अपिलाची बाई, बोला. चिकटराव समोर उभे राहिले. ती म्हणाली, माझ्याकडे बघू नका, वर पंख्याकडे बघा आणि म्हणा, अहवाल खरा आहे. त्यांनी म्हटलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं. हळूहळू त्यांचा आवाज सुटला, शब्द घडवल्यासारखे बाहेर पडू लागले. जमतंय की, ती म्हणाली. मग स्टूल उचलून ठेवता ठेवता तिला काहीतरी सुचलं.

"अहो, ती बाईही असणार का तिथे?"

चिकटरावांनी याचा विचारच केला नव्हता.

ती होती. अपिलाच्या मॅडमची खोली लहान होती, फायलींच्या ढिगांनी आणखीच लहान झालेली. मॅडमना सर्दी झाली होती. दर वाक्याला त्या रुमाल नाकाशी नेत, त्यामुळे त्या रागावल्यात की नाहीत ते कळत नव्हतं. मोठे बाबू कार्यालयाची बाजू मांडायला एका अंगाला बसले होते. दुसऱ्या अंगाला खुर्च्यांवाली. चिकटरावांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. पन्नाशीची, बुटकी, अंगठ्याचं नख काळंनिळं, ओठ आत मुडपलेले. वकील वगैरे कोणी नाही. हातात घडी घातलेला कागद होता, तो ती वाचू लागली आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज अडकला. चिकटरावांनी ती भीती लगेच ओळखली.

"सावकाश बोला," मॅडम म्हणाल्या. "तुमचं ऐकायलाच बसलेय मी."

तिने कागद खाली ठेवला आणि शटरचं सांगितलं. आतून वर, आतून खाली. बाबूंनी अदबीने विचारलं की रस्ता काही ओसाड नाही, एवढा मोठा कागद दारावर लागला तर शेजारीपाजारी कोणी सांगितलं नसतं का.

"दिवसभर तोंडात खिळे असतात माझ्या," ती म्हणाली. "माझ्याशी बोलायला कोण येणार?"

मॅडमनी अहवाल पुढे ओढला आणि चिकटरावांना विचारलं, यात लिहिलंय तशा हाका मारल्या होत्या का.

चिकटरावांनी पंख्याकडे पाहिलं. वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. खुर्च्यांवालीने आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली होती, नीट ऐकू यावं म्हणून. ती रागाने बघत नव्हती. ती नुसती वाट बघत होती. आणि चिकटरावांच्या लक्षात आलं की आपण आता ते वाक्य बोललो, तर ते ऐकतानाचा हिचा चेहरा आपल्याला इथेच, हातभर अंतरावरून बघावा लागेल. या खोलीला गल्लीसारखं वळण नव्हतं. नोकरी, निवृत्ती, बाबूंनी सांगितलेली ती सगळी उठलेली पानं, हे सगळं त्या चेहऱ्याच्या मागे कुठेतरी लांब होतं. त्यांना त्या क्षणी फक्त त्या चेहऱ्याची भीती वाटली. धैर्य वगैरे त्यात काही नव्हतं.

"नाही मारल्या," ते म्हणाले. "आत हातोडी वाजत होती."

बाबूंनी चष्मा काढला आणि पुसू लागले.

चिकटराव बोलत राहिले. एकदा तोंड उघडल्यावर ते मिटायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. कपट्यांचं सांगितलं, ते खिशात घातल्याचं सांगितलं, झेरॉक्सवाल्याची सही सांगितली. मॅडमचा रुमाल हातातच राहिला.

"तुम्ही होता होय," खुर्च्यांवाली म्हणाली. "पत्र्याला काहीतरी घासल्यासारखं वाटलं होतं मला. म्हटलं मांजर असेल." मग थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, "एकदा वाजवायचं होतंत."

चिकटरावांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. पाहावंच लागलं.

मॅडमनी तिथल्या तिथे टंकलेखकाला आदेश सांगितला. अपिलाचा उशीर माफ. म्हणणं न ऐकता काढलेला मूळ आदेश रद्द. प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं, आणि निरीक्षकाचा जो अहवाल तिच्या विरुद्ध वापरला, तो आधी तिला दाखवायचा. खुर्च्यांवालीने दोन्ही हातांनी कागद छातीशी धरला.

"म्हणजे मी जिंकले का, मॅडम?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आता तुमचं ऐकतील."

चिकटरावांच्या जबाबाची एक प्रत कार्यालयप्रमुखांकडे पाठवायलाही त्यांनी सांगितलं. ते वाक्यही त्याच आवाजात, सर्दीने जड झालेल्या.

पुढचे दिवस चिकटरावांनी स्टुलावर बसून काढले. त्यांच्याकडून नोटिसांची पिशवी काढून घेतली होती. सहकारी त्यांच्याशी बोलत, पण बोलताना दाराकडे बघत. घरी बायको रोज विचारी, काही आलं का, आणि ते नाही म्हणाले की ती सुस्कारा टाकी. तो सुटकेचा की धास्तीचा, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग मोठे बाबू एका दुपारी त्यांच्या स्टुलापाशी आले. हातात कागद होता. तो पुढे करताना बाबूंची नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर होती, आणि सही घेईपर्यंत ती तिथेच राहिली. चिकटरावांनी कागद वाचला. आपणास सेवेतून का काढून टाकू नये. खालच्या ओळी एकमेकींत शिरत होत्या, त्यांना पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून वाचावं लागलं.

"लगेच काढतील का?" त्यांनी विचारलं.

"ऐकल्याशिवाय नाही काढता येत कोणालाच," बाबू म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, उत्तर लेखी द्या, मी चांगलं बांधेसूद लिहून देतो, अनवधानाने झालं वगैरे. समोर जाऊन उभे राहिलात तर तुमचा काही भरवसा नाही, तुम्ही काहीही बोलून बसाल.

बाबू मनापासून सांगत होते, हे चिकटरावांना कळत होतं. त्यांनी कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला, ती वाकडी झाली. आत कोण कोण बसलेलं असेल ते त्यांना दिसत होतं. साहेब, चौकशीचे अधिकारी, लिहून घेणारा. सगळ्यांचे चेहरे. भीती तीच होती. पण कागदावर आपण काहीही लिहू शकतो, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं माहीत झालं होतं. "हाका मारल्या" लिहिताना त्यांचा हात कधीच थरथरला नव्हता.

"तोंडी देतो," ते म्हणाले.

बाबूंना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. चिकटरावांनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षाही हळू आवाजात, आणि बाबूंनी पेन काढून तसं लिहून घेतलं.